कंपनीतली दुपारची झोप

मी ताडकन उठून बसले. नाकावर मास्क, मास्कला नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला उशाशी ठेवलेलं मशीन, आणि छातीत असं धडधडत होतं की जणू नाटकाची तिसरी घंटा झाली आहे आणि मी अजून साडीसुद्धा नेसलेली नाही.

"काय झालं वं निमाताई?" पलीकडच्या गादीवरून गुणवंता म्हणाली.

"काही नाही."

"मंग अशी कायले पाहून राह्यली? मी भेली ना!"

खरंच काही नव्हतं. दुपार कलली होती. खिडकीतून ऊन आत आलं होतं. दोरीवर गुणवंताचा नाचाचा लाल परकर वाळत होता. तरी मला वाटत होतं की माझं काहीतरी कुठंतरी राहिलंय, आणि आत्ताच्या आत्ता उठून धावले नाही तर ते कायमचं जाईल. काय राहिलंय आणि कुठं धावायचं, ते मात्र काही केल्या सुचत नव्हतं.

हे त्या वर्षीचं सांगतेय, ज्या वर्षी मी कुथेभाऊंच्या नाटक कंपनीत पहिल्यांदा मुख्य बाईचं काम करत होते. आमच्या झाडीपट्टीत, विदर्भाच्या पूर्वेला, दिवाळी झाली की नाटकांचा हंगाम सुरू होतो, तो होळीपर्यंत. गावागावांत मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट भरतो, बैलांच्या जोड्या धावतात, आणि जेवणं आटोपली की नाटकाचा पडदा वर जातो. तो खाली येतो तेव्हा कोंबडे आरवून गेलेले असतात. त्यामुळे आमची रात्र दुपारी. वडसा गावात ज्या गल्लीत कंपन्यांची ऑफिसं आणि बिऱ्हाडं आहेत, तिथं दिवसाढवळ्या जाऊन पाहा. राजा, खलनायक, नायिका, सगळे तोंड उघडं टाकून गाद्यांवर पडलेले दिसतील.

आणि अशा धंद्यात माझी झोपच आजारी होती. मी घोरायची. साधंसुधं नाही, गिरणीसारखी. आदल्या हंगामात एका नाटकात मी तिसऱ्या अंकात मरत असे. नायक माझं डोकं मांडीवर घेऊन रडत असे. एका गावी तो असा जीव तोडून रडत असताना मेलेली बाई घोरली. समोर तीन-चार हजार माणूस. पहिल्यांदा एक पोरगं हसलं, मग अख्खा मंडप. नायकानं रडता रडता मला असा चिमटा काढला की मी "आई गं" म्हणून उठूनच बसले. पुढं दोन महिने आमच्या कंपनीचं नाव 'घोरणाऱ्या मुडद्याची कंपनी' असं पडलं होतं.

कुथेभाऊंनी मला काढलं नाही, ही त्यांची मेहेरबानी. त्यांनी मला नागपूरला डॉक्टरकडं पाठवलं. तिथं अंगाला तारा लावून मला एक रात्र झोपवलं. सकाळी डॉक्टर म्हणाले, "बाई, झोपेत तुमचा श्वास सारखा अडकतो. मेंदू तुम्हाला ढकलून ढकलून जागं करतो, म्हणून तुम्ही कितीही झोपलात तरी झोपलेल्या नसता." मग त्यांनी ते मशीन दिलं. नाकावर मास्क लावायचा आणि झोपायचं, हवा आत येत राहते, श्वास अडकत नाही. आमच्या बिऱ्हाडात लोक त्या नळीला सोंड म्हणायचे आणि मला गणपतीबाई.

म्हणोत बापडे! आठवडाभरात मी वेगळीच बाई झाले. इतकी वर्षं मी जागेपणीसुद्धा अर्धी झोपेतच होते, हे मला तेव्हा कळलं. आवाज मंडपाच्या शेवटच्या बांबूपर्यंत जाऊ लागला. मला नाचावंसं वाटायचं. कुथेभाऊंनी नवीन नाटक बसवायला घेतलं होतं, 'माय, दार उघड!' सवतीच्या कपटाला बळी पडून आई पोटच्या पोरीला भर वादळात घराबाहेर काढते, आणि शेवटी दारावर थाप पडते. पोर रंगमंचावर येत नाही. नुसती थाप. दार उघडायचं की नाही, ते आईनं एकटीनं वीस मिनिटं खेळायचं. हे काम भाऊंनी मला दिलं.

"निर्मलाबाई," ते म्हणाले, "तुमची झोप नीट राह्यली तं हे नाटक तुमचं. नाही राह्यली तं मले दुसरी बाई पाहा लागन. मंग राग नका मानू जी."

"भाऊ, पडदा तर उघडा," मी म्हणाले. मला दुसरं काहीच नको होतं.

पडदा उघडला, नाटक चाललं. आणि त्याच सुमाराला दुपारची ती भीती सुरू झाली.

रोज. झोप छान लागायची, खोल, गोड. मग दुपार कलली की एकदम कुणीतरी काळीज मुठीत धरल्यासारखं व्हायचं आणि मी उठून बसायची. ना स्वप्न, ना काही. पहिल्या दिवशी मी तशीच उठून गावी फोन लावला. माझी नऊ वर्षांची लेक, आचल, आरमोरीला माझ्या आईजवळ असायची. तिचे वडील ती रांगत होती तेव्हाच गेले. हंगामभर मी वडशाला आणि ती तिथं, असा आमचा संसार.

"काई नाई झालं," आई म्हणाली. "पोट्टी शाळेत गेली आहे. तू झोप."

दुसऱ्या दिवशी परत फोन. तिसऱ्या दिवशी आई वैतागली. "तुले झालं तरी काय निमा? इथं समदे ठणठणीत आहेत. तू मले मारशीन एखाद्या दिवशी फोन करकरून."

नागपूरच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मास्कची सवय होईपर्यंत काहींना घाबरल्यासारखं होतं, पट्टा जरा सैल करून बघा, पण वापरणं सोडू नका. पट्टा सैल केला. भीती काही सैल झाली नाही. कुथेभाऊ म्हणाले, नाटक चाललंय म्हणून नजर लागली. गुणवंतानं लगेच लिंबू-मिरची आणून मशीनला बांधली. मग हवा लिंबाच्या वासाची येऊ लागली, एवढाच फरक. नाही म्हणायला सोमवारी मला काही व्हायचं नाही. मी सोमवारी उपास करते.

"पाह्य!" गुणवंता टाळी वाजवून म्हणाली. "महादेव पावला तुले. रोज उपास कर."

मी मूर्ख, चार दिवस रोज उपास केला. भुकेली उठले आणि घाबरलेलीही उठले.

शेवटी मला झोपेचीच धास्ती बसली. मी मास्क न लावता पडू लागले. मग परत गिरणी सुरू, परत डोळ्यांत वाळू. एका प्रयोगाला दारावर थाप पडली, आणि आई दाराला पाठ टेकून बसली होती ती बसलीच. विंगेतून दुसऱ्यांदा थाप दिली. तिसऱ्यांदा तर फळकूट मोडेल इतकी जोरात दिली, तेव्हा कुठं माझे डोळे उघडले. लोकांना वाटलं आईचं मन दगड झालंय. कुथेभाऊंना मात्र बरोबर कळलं.

सकाळी गाडीत ते माझ्या बाजूला येऊन बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "बाई, शनिवारी शंकरपटाचा प्रयोग आहे. पंचक्रोशी येते तिथं. तिथं माय दार उघडाले विसरली तं लोक मंडप ठेवतीन का? शुक्रवारपर्यंत मले सांगा जी, तुमच्यानं होते का नाही होत."

त्याच दुपारी मी ठरवलं, हे मशीनच माझं वैरी आहे. ते यायच्या आधी मी घोरत होते, पण अशी भीत तर नव्हते. मी ते पुसलं, खोक्यात भरलं, नळी गुंडाळून वर ठेवली. संध्याकाळच्या नागपूरच्या बसनं परत पाठवून द्यायचं होतं. भाऊंना काय सांगायचं ते मनात जुळवत होते. मला रडायला येत होतं, कारण ते काम माझं होतं. आयुष्यात पहिल्यांदा एक काम पूर्ण माझं होतं.

झोपायची हिंमत नव्हती. मी चहा करून घेतला आणि खोक्याला टेकून खिडकीखाली बसले. गुणवंता कानात कापसाचे बोळे घालून झोपली होती. हंगाम सुरू झाल्यापासून ह्या वेळेला मी जागी असल्याचा तो पहिलाच दिवस.

बाहेर जीप आली. त्यात नवल काहीच नव्हतं. वडशात दिवसभर प्रत्येक कंपनीची जाहिरातीची जीप भोंगे लावून फिरत असते. कोणाचं नाटक, कुठल्या गावी, कोण कलावंत. आम्हाला त्या आवाजाचं काही वाटत नाही. ही जीप आमच्याच कंपनीची होती, हेमराजची. तोच ती चालवायचा, तोच ध्वनिफीत तयार करायचा, आणि माईकवर बोलायचाही तोच.

जीप आमच्या खिडकीखाली येऊन थांबली. भोंगा खरखरला.

"रसिक मायबाप होऽऽ! कुथे कंपनी घेऊन येत आहे, काळीज फाडणारं, अश्रू गाळायला लावणारं..." मग वाऱ्याचा आवाज. विजेचा कडकडाट. दारावर थाप. आणि मग एका पोरीचा आवाज आला.

"माय! दार उघड ना वं माय! मले भेव लागून राह्यला! माय!"

कप माझ्या हातातून पडला. छातीत तेच झालं. तीच मूठ, तिथंच, तशीच. पण ह्या वेळी मी टक्क जागी होते. आणि काय राहिलंय, कुठं धावायचं, ते मला आता कळलं होतं.

ती आचल होती.

मी धावले. पायात चप्पल नाही, आणि का कोण जाणे, ते खोकं तसंच छातीशी धरलेलं. रस्त्यावर पोचेपर्यंत जीप वळणावर गेली होती.

"हेमराज! ए हेमराज! थांब!"

भोंग्यापुढं माझा आवाज त्याला कुठला ऐकू जायला. मी उलटी फिरून आत आले आणि गुणवंताला गदागदा हलवलं. "गाडी काढ!"

"आँ?" तिनं कानातला एक बोळा काढला. "आग लागली का?"

"आचल आहे जीपमध्ये!"

"जीपमध्ये? आचल? कशी आली ते?"

"गाडी काढ आधी!"

गुणवंता गाउनवरच निघाली, एका कानात बोळा तसाच. स्कूटीवर मागं मी, मांडीवर खोकं, खोक्यावर लोंबणारी लिंबू-मिरची. बाजारातून आम्ही अशा सुटलो की भाजीवाल्या उठून उभ्या राहिल्या. कुणीतरी ओरडलं, "निमाबाई, दार उघडलं का नाही?" दुसरी वेळ असती तर मी त्याला नमस्कार केला असता. पुढून आवाज येत होता. मध्येच यायचा, मध्येच गल्लीत हरवायचा. "माय! माय!" पन्नास दुकानांच्या गलबल्यातून माझी लेक मला हाका मारत चालली होती, आणि गुणवंता पुढं बसून म्हणत होती, "बाई वं, हे पोट्टी भल्ली ओरडते!"

रेल्वेचं फाटक पडलं होतं म्हणून हेमराज सापडला. मी स्कूटीवरून उडी मारली आणि जीपच्या खिडकीतून आत पाहिलं. सीटवर माईक, पाण्याची बाटली, तंबाखूच्या खर्‍याची पुडी. आचल नव्हती.

हेमराजचं तोंड मात्र फुललं होतं. "ऐकली का ताई? ऐकली ना! भल्लं बरं वाटलं आज!"

"कुठं आहे आचल?"

"आचल? आरमोरीले. कुठं राहीन? हे तं पेनड्राइव्हमंधी आहे जी."

एवढ्यात मालगाडी आली. डबे संपता संपेनात. हेमराज काहीतरी सांगत होता, हातवारे करत होता, हसत होता, आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मी त्याच्या ओठांकडं बघत उभी. गुणवंता कानातला बोळा काढून परत घालत होती. शेवटचा डबा गेला तेव्हा तो म्हणत होता, "...मंग मी आवाज पुरा वाढवला."

"पहिल्यापासून सांग," मी म्हणाले.

हेमराज आमच्याच आरमोरीचा. जाहिरातीसाठी त्याला लहान पोरीचा आवाज पाहिजे होता. दिवाळीनंतर तो आमच्या घरी गेला आणि आचलला विचारलं. ती एका पायावर तयार झाली, फक्त दोन अटी घातल्या. आईला आधी सांगायचं नाही, आणि रोज आईच्या खिडकीखाली थांबून वाजवायचं, म्हणजे आईला आपोआप ऐकू येईल आणि ती ओळखेल.

"शपथ घातली ना तिनं," हेमराज म्हणाला. "म्हून सोमवारी कुरखेड्याकडं जातो तेवढा दिवस सोडला, तं रोज तुमच्या खिडकीखाली थांबलो, हाक वाजवली अना पुढं निघालो. तुम्ही येकदाबी बाहेर नाही आल्या. मी थकलो आवाज वाढवून वाढवून. मले वाटलं ताईले आवडलं नाही, म्हून चूप राह्यलो. पोट्टी रोज फोनवर विचारते, मायनं ओळखलं का? काय सांगू मी तिले?"

"अरे माणसा! दुपारी आम्ही झोपतो!"

"हो ना जी," हेमराज म्हणाला. "म्हून तं आवाज वाढवला."

गुणवंता फाटकाला धरून हसायला लागली. "महादेव पावला म्हणे! हेमराज कुरखेड्याले जाये म्हून पावला!" फाटक उघडलं, मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या, आणि मी तिथंच भर रस्त्यात हेमराजला परत वाजव, परत वाजव म्हणत होते. तीन वेळा ऐकलं. तिन्ही वेळा छातीत ती मूठ आवळली, आणि तिन्ही वेळा मला इतका आनंद झाला की मी त्या खोक्यावर ताल धरला होता.

आचल शाळेतून आली असेल असं वाटल्याबरोबर फोन लावला.

"आचल, हेमराजकाकाच्या जीपमध्ये ते कोण ओरडते वं?"

पलीकडून अगदी बारीक आवाजात, "तू ओळखली?"

"मी झोपेत ओळखली. तू हाक मारली की रोज मी झोपेतून उठून बसायची. घाबरून. काळीज धडधड करायचं."

"खरं?"

"तुझ्या आजीची शपथ."

"आजी!" ती एवढ्यांदा ओरडली की फोन कानापासून दूर धरावा लागला. "आजी, माय झोपेतून उठून बसे! घाबरून! माह्या आवाजानं!" मग परत फोनवर, धापा टाकत, "म्हणजे मले चांगलं जमलं ना?"

"मला नाही असं जमत," मी म्हणाले. खोटं नव्हतं ते. मी चार हजार माणसांसमोर उभी राहते, पण झोपलेल्या माणसाला उठवून बसवायचं काम मला कधी साधलेलं नव्हतं. "कसं केलंस सांग."

"पहिल्या दोन वेळी तुह्यासारखं करून पाह्यलं. हात असा कपाळाले लावून. तं काका म्हणे, नाही जमून राह्यलं."

"मग?"

"मंग तिसऱ्या वेळी काहीच नाही केलं. तू भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी गेली होती ना वं? मी झोपली आहे असं वाटलं तुले. मी झोपली नव्हती. तेव्हाचं आठवलं, अना तसंच म्हटलं."

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी तिला उठवलं तर ती रडेल म्हणून मी दार हळूच ओढून घेतलं होतं. कडीचा आवाज होऊ नये म्हणून पदरानं कडी धरली होती.

"माय? आहे का तू?"

"आहे," मी म्हणाले. "इथंच आहे."

खोकं परत घरी आलं. आल्या आल्या मी मास्क लावून तासभर गाढ झोपले आणि संध्याकाळी कुथेभाऊंना जाऊन सांगितलं, "शनिवारचा प्रयोग मीच करणार. दार उघडणार."

"भीती गेली का जी?"

"नाही. पण आता ती कोणाची आहे ते मला माहीत आहे."

हेमराजनं विचारलं, आता रस्ता बदलू का? मी म्हणाले, खबरदार. रोज त्याच खिडकीखाली, त्याच वेळी. फक्त एक बदल झाला. जीप यायच्या जरा आधीच माझी झोप पूर्ण व्हायची. मी मास्क काढून, तोंड धुऊन, दाराशी येऊन उभी राहायची. गुणवंताही तिची खुर्ची घेऊन यायची, कापूस न घालता. थाप पडायची, हाक यायची, आणि मी दार उघडायची. हेमराज सलाम ठोकून पुढं निघून जायचा.

शनिवारीही तशीच उभी होते. रात्री पंचक्रोशी बसणार होती समोर. जीप आली. "रसिक मायबाप होऽऽ!" वारा, वीज, थाप.

"माय! दार उघड ना वं माय!"

आवाज थोडा वेगळा होता. शब्द तेच, पण मागं वारा नव्हता, आणि शेवटी हसू दाबल्यासारखं काहीतरी होतं. मी दार उघडलं.

हेमराजच्या शेजारी, सीटवर गुडघे टेकून, दोन वेण्या आणि हातात माईक घेऊन आचल बसली होती. माईक तोंडापासून बाजूला करायचं तिच्या लक्षात राहिलं नाही, त्यामुळे पुढचं सगळ्या वडशानं ऐकलं.

"उठली का वं माय? चल लवकर, तुह्यं नाटक आहे!"